लाँग स्टोरी शॉर्ट, अर्थात यूनुसभाईंची घोषवाक्ये

रास तनुराच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात सकाळी कामाला हात लावण्यापूर्वी प्रत्येक टोळीने गोल करून उभे राहायचे, असा शिरस्ता आहे. त्याला सगळे ‘टूलबॉक्स टॉक’ म्हणतात. आज काम कोणते, धोका कोठे, कोणाला रात्री झोप लागली नाही असे तर नाही ना, एवढी विचारपूस झाली की मुकादमाने सुरक्षिततेविषयी दोन शब्द सांगायचे असतात. बहुतेक मुकादम हे दोन शब्द कडू औषधाप्रमाणे घटकन उरकून टाकतात. यूनुस परकारांनी तसे कधी केले नाही. ते आधी हेल्मेट सरळ करीत, जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढीत, टोळीकडे डावीकडून उजवीकडे एकवार नजर फिरवीत आणि मग सावकाश म्हणत, “लाँग स्टोरी शॉर्ट...”

त्यावर सारी टोळी एका सुरात उत्तर देई, “हंड्रेड पर्सेंट टाय-ऑफ.”

टोळी परांच्या बांधणाऱ्यांची होती. उंचावर चढणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर पट्टा असतो आणि त्या पट्ट्याला दोन दोर व दोन हुक असतात. एक हुक पाइपाला अडकवून पुढे सरकायचे, तेथे दुसरा अडकवायचा आणि तो पक्का बसल्यावरच पहिला सोडायचा. जमिनीवरून पाय उचलल्यापासून पुन्हा जमिनीला टेकेपर्यंत माणूस एक क्षणही मोकळा असता कामा नये, एवढा मोठा अर्थ त्या इंग्रजी तुकड्यात भरलेला होता. निदान यूनुसभाईंची तशी समजूत होती.

यूनुसभाई दाभोळच्या खाडीकाठचे. वडील गलबतावर तांडेल होते. यूनुसभाई मराठी शाळेतून मॅट्रिक झाले आणि मिसरूड फुटते न फुटते तोच पाइप उचलणारा हेल्पर म्हणून ह्या किनाऱ्यावर उतरले. आता दाढीत काळ्या केसांपेक्षा पांढरे जास्त झाले होते आणि हाताखाली परांची बांधणारी एक आख्खी टोळी होती. माणूस शिस्तीचा. त्यांच्या खोलीत चपलांची टोके भिंतीकडे असत, चहाचे कप कानांनी एकाच दिशेला टांगलेले असत, आणि कोणी स्पॅनर भलत्या खिळ्याला अडकवला तर ते न बोलता उठून तो जागेवर ठेवीत. त्यांना जिभेवर खेळवायला आवडे अशी गोष्ट एकच, ती म्हणजे घोषवाक्य.

‘लाँग स्टोरी शॉर्ट’ हे शब्द त्यांना एका म्हाताऱ्या इंग्रज तपासनिसाकडून मिळाले होते. तो गृहस्थ प्रत्येक हकिगतीची सुरुवात ह्या शब्दांनी करी आणि नंतर समोरच्याचा चहा थंड होईपर्यंत थांबत नसे. त्यामुळे हा इंग्रजांचा बिस्मिल्ला असावा, गोष्ट आरंभण्यापूर्वी उच्चारायचा, असेच यूनुसभाईंना कित्येक वर्षे वाटत होते. पुढे त्यांची मुलगी उमामा कॉलेजात जाऊ लागली, तेव्हा तिने फोनवर हसत हसत खरा अर्थ सांगितला. लांबण न लावता सार सांगायचे असले की हे शब्द वापरतात. दुसरा कोणी असता तर ओशाळला असता. यूनुसभाईंना मात्र हर्ष झाला. घोषवाक्याची याहून नेमकी ओळख कोणती असणार? नव्या माणसाला टोळीत घेताना ते सांगू लागले, “हे बघ, दूध आटवलं की खवा होतो. तशी लांबलचक गोष्ट आटवली की घोषवाक्य होतं. लाँग स्टोरी, शॉर्ट.”

कारखान्यातल्या पाट्यांवरही त्यांचे मत ठरलेले असे. भिवविणाऱ्या पाट्या त्यांना आवडत नसत. घाबरलेल्या माणसाचे हात कापतात, असे ते म्हणत. ‘घरी कोणीतरी वाट पाहत आहे’ ह्या पाटीपाशी ते पावले किंचित हळू टाकीत. यमकाचा मात्र त्यांना तिटकारा होता. टोळीतला विनोद कणेरकर, चिपळूणकडचा आणि जिभेला हाड नसलेला, मुद्दाम यमके जुळवून त्यांच्यापुढे ठेवी. त्यावर ते एवढेच म्हणत की यमक जुळले की माणसाला यमक आठवते, हुक आठवत नाही. गावी बायकोला फोन केला तरी निरोप तसाच असे. लाँग स्टोरी शॉर्ट, सिलिंडरची कळ बंद. लाँग स्टोरी शॉर्ट, विहिरीवर झाकण. रईसा म्हणे की आपला नवरा परदेशात नसून एखाद्या पाटीत राहतो.

तर अशा ह्या माणसाच्या टोळीत, एका बुधवारी, दुरुस्तीच्या शटडाउनच्या ऐन गर्दीत पुढील प्रकार घडला.

पाइपांच्या एका उंच घोडीभोवती दोन परांच्या शेजारी शेजारी उभ्या राहत होत्या. वर धोंडीराम भुवड होता. टोळीतला सर्वांत जुना आणि सर्वांत हलक्या पायाचा गडी, गुहागर तालुक्यातला. त्याला ह्या परांचीवरून त्या परांचीवर जायचे होते. त्याने दोन्ही हुक सोडले, गमछा टाकावा तसे खांद्यावर टाकले, आणि अंगणातून ओटीवर पाऊल ठेवावे इतक्या सहजपणे तो मधली पोकळी ओलांडून पलीकडे गेला. खाली कारखान्याचा सुरक्षा तपासनीस अली उभा होता. तरुण इंजिनिअर, जवळच्याच तारूत बेटावरचा. त्याने सर्व पाहिले, पण हाक मारली नाही; उंचावरच्या माणसाला दचकवू नये एवढे त्याला कळत होते. धोंडीराम काम आटोपून खाली उतरेपर्यंत तो हात मागे बांधून थांबला.

मग त्याने शांतपणे विचारले की सकाळी गोलात उभे राहून तू काय म्हणालास.

“हंड्रेड पर्सेंट टाय-ऑफ,” धोंडीराम म्हणाला. उच्चार स्वच्छ. तो यूनुसभाईंनी घोटून घेतला होता.

म्हणजे काय, असे अलीने विचारले. धोंडीरामने यूनुसभाईंकडे पाहिले. मित्राला सावरून घ्यावे म्हणून विनोद पुढे झाला आणि हिंदीत म्हणाला की साहेब, म्हणजे काम शंभर टक्के करायचे, नव्याण्णव नाही. अलीने बिहारच्या सिराजुद्दीनकडे नजर वळवली. हा वयस्क आणि सरळ माणूस. त्याने प्रामाणिकपणे सांगितले की हे पट्टा बनविणाऱ्या कंपनीचे नाव असावे अशी आपली आजवरची समजूत आहे. मागून कोणीतरी फिस्सकन हसले. यूनुसभाईंना मात्र कोणी भर बाजारात डोक्यावरची टोपी उतरवून घ्यावी तसे झाले.

अलीने धोंडीरामच्या गळ्यातले उंचीवर चढण्याचे कार्ड काढून घेतले. त्याने आवाज चढवला नाही. रविवारी सकाळी मी टोळीच्या गोलात येईन, असे तो म्हणाला. हुक का सोडायचा नाही, हे ह्या माणसाने मला स्वतःच्या शब्दांत सांगितले आणि माझ्या डोळ्यांदेखत करून दाखविले, तर कार्ड परत मिळेल. नाही तर नाव ऑफिसात जाईल. पुढचे त्याने सांगितले नाही, सांगण्याची गरजही नव्हती. परांची बांधणारा म्हणून आणलेल्या माणसाला चढता येत नसेल तर ठेकेदार त्याचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, पुढे चालवीत नाही. ‘खलास’ म्हणतात आणि फायनल एक्झिटचा शिक्का मारून विमानात बसवितात.

जाता जाता अली यूनुसभाईंजवळ थांबला. “मुकादम, तुमची शॉर्ट मी रोज ऐकतो,” तो हळू म्हणाला. “लाँग स्टोरी कुठं आहे?”

त्या प्रश्नात खोच नव्हती, आणि म्हणूनच तो अधिक लागला.

धोंडीरामची मुलगी किशोरी चिपळूणला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. ती नोकरीला लागली की आपण होऊन हेल्मेट खाली ठेवायचे, असे त्याने मनाशी योजले होते. ज्या परांचीवर उमेदीची वर्षे काढली तिच्यावरून कोणी कॉलर धरून उतरवावे, हे त्याच्या कल्पनेतही नव्हते. गुरुवारी तो दिवसभर खाली उभा राहून वरच्यांच्या हातात पाइप देत राहिला.

त्या संध्याकाळी यूनुसभाईंनी त्याला आपल्या खोलीत बसविले. त्यांना जो उपाय ठाऊक होता तोच त्यांनी केला, म्हणजे पाठांतर. उत्तर त्यांनी स्वतः तयार केले होते, सुबक इंग्रजीत, तीन वाक्यांचे. धोंडीरामने ते पाढ्यासारखे म्हटले, पुन्हा म्हटले, न अडखळता म्हटले. यूनुसभाईंना थोडा धीर आला. मग अली विचारील तसे त्यांनी मधूनच मराठीत विचारले, “बरं, पण का सोडायचा नाही?”

धोंडीरामने पहिले वाक्य पुन्हा म्हटले.

“तसं नव्हे. का?”

“का म्हंजे?” धोंडीरामचा तोल सुटला. “मी काय बिगरीतला पोर हाय, यूनुसभाई? पोरवयापासून झाडावर चढतोय. माझं पाय खोटं बोलत नाय. तुमच्या त्या हुकाला काय म्हाईत? धाडा मला घरी. पण असा पोपट करू नका माझा.”

तो उठून गेला, आणि जाताना त्याने चपला वाकड्या ठेवल्या होत्या त्या तशाच पायांत सरकवल्या. इतकी वर्षे आपण रोज सकाळी टोळीला खवा वाटत आलो. ह्यांतल्या किती जणांनी दूध पाहिले आहे, असा विचार यूनुसभाईंच्या मनात पहिल्यांदाच आला.

शुक्रवार सुट्टीचा. ह्या दिवशी कामगारांच्या कॅम्पात एक अलिखित रीत होती. यूनुसभाईंनी सकाळी कातीफच्या बाजारातून मासा आणायचा, जुम्याच्या नमाजाला जवळच्या रहिमा गावातल्या मशिदीत जाऊन यायचे, आणि तोवर धोंडीरामने गावाहून आलेले कोकम घालून कालवण करून ठेवायचे. त्या कालवणासाठी इतर खोल्यांतले लोकही उगाच काहीतरी मागायच्या निमित्ताने डोकावत. त्या शुक्रवारी यूनुसभाई नमाजाहून परतले तेव्हा मासा पिशवीतच होता आणि चूल थंड होती. धोंडीराम भिंतीकडे तोंड करून निजला होता. विनोदनेसुद्धा त्यावर विनोद केला नाही.

एवढ्यात रईसाचा फोन आला. आज कसले कालवण, हा तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे. नाही, म्हणून यूनुसभाईंनी सांगितले. का नाही, म्हणून तिने विचारले.

“लाँग स्टोरी शॉर्ट, धोंडीरामचं कार्ड गेलं.”

मग रईसा म्हणाली, “अहो, निकाह झाल्यापासून तुमची शॉर्टच ऐकत आले. एकदा लाँग सांगा की. खवा खवा म्हणता, दूध काय शेजाऱ्यांना दाखवणार?”

तेव्हा यूनुसभाई पायरीवर बसले आणि त्यांनी तिला सगळे सांगितले. दोन परांच्या, खांद्यावर टाकलेले हुक, सिराजुद्दीनचे उत्तर, अलीचा प्रश्न, घोटून घेतलेली इंग्रजी वाक्ये, धोंडीरामचा संताप. काही वगळले नाही. इतके सलग ते तिच्याशी फार दिवसांनी बोलत होते. सारे ऐकून घेतल्यावर तिने विचारले, “तुम्ही त्याला सांगत सुटलात. त्याला काही विचारलंत का?”

“काय विचारायचं?”

“मला काय ठाऊक? पण आपल्या आगरात सुपारी पाडायला त्याच्याच गावाकडचे गडी येतात. ह्या पोफळीवरून त्या पोफळीवर वानरासारखे जातात, मी परसात उभी राहून डोळे मिटून घेते. त्यांना काय कोणी इंग्रजीत शिकवलं होतं?”

फोन ठेवल्यावर यूनुसभाई उठले. पिशवीतला मासा, सुरी आणि पाट घेऊन ते धोंडीरामच्या खोलीत गेले आणि जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून, कडा जुळवून, मासा साफ करायला बसले. मासा साफ करणे हे त्यांचे काम नव्हे. खवले पार खाटेपर्यंत उडाले. थोड्या वेळाने धोंडीरामला ते पाहवेना. तो उठला, त्यांच्या हातातली सुरी त्याने काढून घेतली आणि म्हणाला की मासा मेलाय, त्याला परत मारू नका.

सुरी चालू लागली तशी यूनुसभाईंनी सहज विचारावे तसे विचारले, “धोंडीराम, पोफळीवरून पोफळीवर जायला तुला कोणी शिकवलं?”

प्रथम तुटक उत्तरे आली. चुलत्याने. गावातच. पावसाळा सरल्यावर. मग सुरीचा वेग मंदावला आणि माणूस मोकळा झाला. पोफळ उंच आणि सडपातळ. तिच्यावर चढायचे ते पायांत काथ्याच्या दोरीचे वेटोळे घालून. सुपारीचे घोस काढून झाले की प्रत्येक वेळी खाली उतरायचे नाही, त्यात दिवस जातो. वर बसूनच अंगाचा झोका द्यायचा. झाड वाकते, जाते, येते, आणि शेजारच्या पोफळीजवळ गेले की तिला कवेत घ्यायचे. असे आख्खे आगर वरच्या वर ओलांडायचे. धोंडीरामच्या थोरल्या भावाचा, रघूचा, ह्यात हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. धोंडीराम त्याच्याच मागून जायचा.

त्याने मासा पाण्यातून काढला, उगाच पुन्हा धुतला.

एके दिवशी रघूने झोका दिला, पुढची पोफळ आली, तिचा बुंधा बोटांना लागला. लागला म्हणजे मिळाला, असे त्याला वाटले, आणि त्याने मागची सोडली. बोटांना लागलेले झाड हातात आले नव्हते. रघू जगला. पण तेव्हापासून त्याचा एक पाय ओढत चालतो आणि तो आगरात पाऊल टाकीत नाही. त्या संध्याकाळी चुलत्याने धोंडीरामला त्याच पोफळीखाली नेऊन उभे केले.

“काय म्हणाले?” यूनुसभाईंनी विचारले.

“काका बोललान, दुसरी कवेत आल्याबिगर पयली सोडू नये. बास. एवढंच बोललान. रडतही व्हता.”

अर्थ सांगण्याची यूनुसभाईंची जन्माची सवय ओठांपर्यंत आली होती, तिला त्यांनी तेथेच अडविले. ते फक्त उठले, दारामागे टांगलेला धोंडीरामचा पट्टा त्यांनी काढला आणि माशाच्या पाटापासून जरा अंतर राखून जमिनीवर ठेवला. दोन दोर, दोन हुक.

धोंडीरामचे हात माशाने भरलेले होते, म्हणून त्याने कोपरानेच एक हुक पुढे ढकलला, मग दुसरा.

“पोफळीत हात माझं व्हतं, यूनुसभाई,” तो अखेर म्हणाला. “हे हुक कंपनीचं. मला वाटलं, कंपनीला दाखवायचं असतंय.”

त्या दिवशी कालवण उशिरा झाले, आणि त्यात मीठही जास्त पडले. पण कोणी तक्रार केली नाही.

रविवारी सकाळी अली आला. टोळी गोलात उभी राहिली. यूनुसभाईंनी हेल्मेट सरळ केले, चेन ओढली, डावीकडून उजवीकडे नजर फिरविली. टोळीने उत्तरासाठी श्वास भरून घेतला होता. परंतु यूनुसभाईंनी ते शब्द उच्चारले नाहीत. ते एक पाऊल मागे सरले आणि म्हणाले की आज धोंडीराम बोलेल, आपण ऐकायचे.

धोंडीराम मोडक्या हिंदीत बोलला. हिंदी संपली तेथे मराठीत बोलला, आणि ते यूनुसभाईंनी जसेच्या तसे सांगितले. आपल्या पदरचे एक विशेषणही घातले नाही. पोफळ टोळीतल्या नेपाळच्या गड्यांना ठाऊक नव्हती, तेव्हा विनोदने स्वतःच्या दोन हातांची दोन झाडे केली आणि तो असा डुलला की लोक हसले. रघू पडला तेव्हा कोणी हसले नाही. मग धोंडीरामने पट्ट्याचा एक हुक डाव्या हातात धरला, दुसरा उजव्या हातात, आणि चुलत्याचे वाक्य सांगितले. सिराजुद्दीनने ते ऐकून स्वतःच्या पट्ट्याकडे पाहिले, जणू तो कालच बाजारातून आणला होता.

अलीने मान हलविली, पण कार्ड खिशातून काढले नाही.

“हे तुला बुधवारीही माहीत होतं,” तो म्हणाला. “मग?”

यूनुसभाईंना वाटले, आता संपले.

“बुधवारी पाय लागला, म्हंजे परांची मिळाली असं वाटलं मला,” धोंडीराम म्हणाला. “माझ्या भावालाही तसंच वाटलेलं.”

यूनुसभाईंनी ते हिंदीत सांगितले. अलीने वर बोट दाखविले. “यल्ला, चल. दाखव.”

जागा तीच, परांच्या त्याच, मधली पोकळीही तीच. धोंडीराम चढला. खाली सारे माना वर करून उभे होते. पोकळीपाशी येऊन तो थांबला. त्याने हात लांबवून एक हुक पलीकडच्या पाइपाला अडकविला आणि ओढून पाहिला. नुसता लागला आहे की हातात आला आहे, हे तो पाहत होता, हे खालच्यांनाही कळले. मग मागचा हुक सोडला. मग पाऊल टाकले. पूर्वीच्या मानाने वेळ लागला, आणि ते दृश्य देखणे मुळीच नव्हते. चांगला पोहणारा माणूस प्रथमच होडीत बसावा तसा तो अवघडलेला होता. तसाच तो परतही आला.

धोंडीराम खाली उतरल्यावर अलीने कार्ड त्याच्या गळ्यात स्वतः घातले. पण पुढील महिनाभर आपण न सांगता येऊन पाहणार, हेही बजावले. मग निघता निघता, कोणी विचारले नसताना, तो थोडे बोलला. त्याचे आजोबा मोती काढणाऱ्या नावेवर होते. पाणबुड्याचा दोर धरणारा माणूस तोंडावर माशी बसली तरी दोरावरचा हात काढीत नसे. हात काढलेल्या एकाची गोष्ट आजोबांना ठाऊक होती आणि ती त्यांनी कधी पुरती सांगितली नाही. लहानपणी बाजारात आजोबा आपले मनगट इतके घट्ट का धरीत, याचा आपल्याला राग येई, असे अली म्हणाला. एवढे बोलून तो आपल्या गाडीकडे वळला.

त्या दिवसापासून यूनुसभाईंच्या टूलबॉक्स टॉकचा क्रम बदलला. रविवारी टोळीतल्या एकाने आपली गोष्ट सांगायची. ती संपली की मगच यूनुसभाई म्हणणार, “लाँग स्टोरी शॉर्ट”, आणि ज्याची गोष्ट त्यानेच तिचे घोषवाक्य करायचे, आपल्या बोलीत. सिराजुद्दीनने कोसी नदीच्या पुराची गोष्ट सांगितली. विनोदने आपल्या मावशीच्या म्हशीची सांगितली आणि शेवटी यमक जुळविले. यूनुसभाईंनी कपाळाला आठी घातली, परंतु त्यांना ते यमक दिवसभर आठवत राहिले आणि त्यासोबत म्हशीच्या दाव्याची गाठही आठवत राहिली, म्हणून त्यांनी ते चालू दिले. यार्डाच्या फाटकाजवळ अलीने एक नवी पाटी लावून घेतली. वर धोंडीरामच्या चुलत्याचे वाक्य मराठीत, खाली त्याचा अर्थ अरबी, इंग्रजी, हिंदी आणि नेपाळीत. मराठी अक्षरे यूनुसभाईंनी रंगविली आणि ओळ सरळ यावी म्हणून आधी सुतळी लावून घेतली. धोंडीरामने पाटीचा फोटो काढून रघूला पाठविला. रघूकडून उत्तर आले नाही. पण दुसऱ्या दिवशी किशोरीने कळविले की रघूकाकाने तो फोटो गावात ज्याला त्याला दाखविला, आणि दाखवायला चालत पार आगरापर्यंत गेला.

अशाच एका सकाळी यूनुसभाई परांचीखाली उभे होते. सूर्य नेमका धोंडीरामच्या मागे आला होता, त्यामुळे वर पाहिले तरी डोळे दिपत होते, माणूस दिसत नव्हता. पूर्वी अशा वेळी ते हाक मारीत आणि घोषवाक्याची आठवण देत. आज त्यांनी डोळे मिटले आणि कान दिले. वर लोखंडावर लोखंड बसल्याचा आवाज आला. जरा वेळ गेला. त्या वेळात कोणीतरी हुक ओढून पाहत असणार. मग मागचा हुक सुटल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर पाऊल.

“यूनुसभाई,” वरून हाक आली, “ह्या शुक्रवारी मासा कुठला आणताय? आणि साफ मी करणार, आधीच सांगून ठेवतो.”